कपूर, अनीश

(१२ मार्च १९५४– ). मुंबईत जन्मलेले व लंडनमध्ये स्थायिक झालेले जगद्विख्यात शिल्पकार. ब्रिटनमध्ये १९८० च्या सुमारास शिल्पकलेला जे नवे वळण मिळाले, त्याच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. शिल्प म्हणजे घडविलेला घनाकार ही रूढ कल्पना बाजूस सारून घनाकाराच्या आतील पोकळीलाच शिल्पाचे द्रव्य मानणे, हे त्यांच्या कलेचे मुख्य वैशिष्ट्य होय. गणपतराव म्हात्रे व विनायकराव करमरकर यांच्या परंपरेतून शिल्पकला ओळखणाऱ्या मराठी वाचकास शिल्पकार म्हणताच पुतळे आठवतात. कपूर यांच्या नावावर मात्र एकही प्रसिद्ध पुतळा नाही. जे दिसते ते खरोखर तेथे आहे काय, असा संभ्रम पाहणाऱ्याच्या मनात उत्पन्न करणे हाच त्यांचा प्रारंभापासूनचा उद्देश राहिला. एकट्या प्रेक्षकाने स्तब्ध उभे राहून घ्यावयाचा हा अनुभव पुढे लाखोंच्या गर्दीत, प्रचंड खर्चाच्या सार्वजनिक योजनांत आणि अखेर मालकी हक्कांच्या वादांत कसा येऊन पडला, हा त्यांच्या कारकीर्दीचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे.

त्यांचे वडील पंजाबी हिंदू असून भारतीय नौदलात जलालेखनतज्ञ होते. आई बगदादहून भारतात आलेल्या ज्यू कुटुंबातील. मातामह पुण्याच्या सिनॅगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थनेचे गायन करीत. अनीश यांचे शालेय शिक्षण डेहराडूनच्या दून स्कूलमध्ये झाले. १९७१ मध्ये ते भावासह इझ्राएलला गेले व काही काळ किबुत्झ या सामुदायिक वसाहतीत राहिले. तेथे त्यांनी विद्युत् अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू केला. पण गणितात मन न रमल्याने तो सहा महिन्यांतच सोडला आणि चित्रकार-शिल्पकार होण्याचे ठरविले. १९७३ मध्ये ते लंडनला आले. तेथील हॉर्न्सी कॉलेज ऑफ आर्ट (१९७३–७७) व चेल्सी स्कूल ऑफ आर्ट (१९७७–७८) या संस्थांत त्यांचे कलाशिक्षण झाले. हॉर्न्सी येथे पॉल न्यागू हे रूमानियन कलावंत त्यांचे शिक्षक होते. कलाकृती ही केवळ सुबक वस्तू नसून तिच्या भोवती घडणारी एक क्रिया, जवळजवळ एक विधी असते, ही जाणीव कपूर यांना त्यांच्यापासून मिळाली.

तत्कालीन ब्रिटिश शिल्पकलेची स्थिती येथे लक्षात घेतली पाहिजे. हेन्‍री मुर यांची पिढी वृद्ध झाली होती. अँटनी कॅरो यांच्या रंगीत पोलादी रचनांनी १९६० नंतर कलाशाळांत चांगलाच जम बसविला होता. तर मिनिमल व संकल्पनात्मक कलेच्या पुरस्कर्त्यांनी वस्तूतून भावना, प्रतीके व हस्तकौशल्य शक्य तितके वगळून टाकले होते. या शुष्कतेचा कंटाळा आलेल्या तरुण शिल्पकारांपैकी टोनी क्रॅग यांनी टाकाऊ प्लॅस्टिकचे तुकडे वापरले, बिल वुड्रो यांनी जुन्या घरगुती यंत्रांचे पत्रे कापून नव्या वस्तू घडविल्या. कपूर मात्र १९७९ पर्यंत चाचपडतच होते.

त्या वर्षी ते भारतात येऊन गेले. बाजारांत आणि देवळांच्या दारांशी विकावयास मांडलेल्या रंगीत भुकट्यांच्या राशी त्यांनी लहानपणी पाहिलेल्याच होत्या. परंतु कलाशिक्षण घेऊन परतलेल्या डोळ्यांना त्या निराळ्याच दिसल्या. कुंकू, हळद, गुलाल वा बुक्का यांच्या ढिगाला विक्रेता जो निमुळता आकार देतो, तो कोणी घडविलेला नसतो आणि आपोआपही झालेला नसतो. ढीग जेवढा उंच, तेवढा त्याचा पायथा पसरतो. तो हलविता येत नाही, त्याला हात लावला की त्याचा आकार जातो आणि ज्याने हात लावला त्याच्या बोटांना रंग लागतो. लंडनला परतल्यावर कपूर यांनी ‘थाउजंड नेम्स’ (१९७९–८०) ही शिल्पमालिका केली. हलक्या द्रव्यांतून घडविलेल्या, शिखर, पायऱ्या, स्तन, बीजकोश यांची आठवण करून देणाऱ्या लहान आकृत्यांवर तांबड्या, पिवळ्या, निळ्या व पांढऱ्या रंगद्रव्याची कोरडी भुकटी त्यांनी चाळून टाकली. भुकटी आकृतीवरून ओघळून भोवतीच्या जमिनीवर पसरे व तिची कडा पुसट करी. त्यामुळे आकृती जमिनीवर ठेवलेली न वाटता जमिनीतून वर येत असलेली, बहुतांशी अद्याप खालीच असलेली भासे. सहस्रनामाचा निर्देश करणारे शीर्षकही अन्वर्थक आहे. विष्णूची वा शिवाची सहस्र नावे घेतली, तरी ज्याचे नाव घ्यावयाचे तो उरतोच; तसे येथे दिसणारा आकार हा न दिसणाऱ्या एका मोठ्या आकाराचे केवळ नाव ठरतो.

या मालिकेने कपूर यांचे नाव झाले. १९८२ पासून लंडनच्या लिसन गॅलरीत त्यांची प्रदर्शने भरू लागली. त्याबरोबरच एक गैरसमजही रूढ झाला. पाश्चात्त्य समीक्षकांना या रंगांत ‘भारतीय गूढता’ आढळली व ती त्यांनी वारंवार नोंदविली. कपूर यांनी ‘भारतीय कलावंत’ ही उपाधी सतत टाळली आहे. जन्मभूमीचे ऋण ते नाकारत नाहीत. परंतु कलाकृतीचे मोल कलावंताच्या मूळ देशावरून ठरवू नये, असा त्यांचा आग्रह दिसतो. तो रास्त आहे. मोंद्रियानच्या तांबड्या चौकोनात कोणी हॉलंड शोधत नाही. तथापि हेही खरे, की कुंकवाची रास ज्याने पाहिली आहे अशा प्रेक्षकाला या आकृतींपुढे स्पष्टीकरणाची फारशी गरज भासत नाही.

रंगद्रव्याच्या वापरातून कपूर यांना एक अनपेक्षित शोध लागला. भुकटी पृष्ठभागावरील प्रकाश विखरून टाकते व चकाकी नाहीशी करते. हीच भुकटी, विशेषतः गडद प्रशियन निळी, एखाद्या खोलगट आकाराच्या आतील बाजूस लावली, तर डोळ्याला खोलीचा अंदाज देणाऱ्या छाया व प्रकाशरेषा लोप पावतात. मग तो खळगा कधी सपाट वर्तुळासारखा, कधी अथांग विवरासारखा, तर कधी पुढे फुगून आल्यासारखा दिसतो. ‘अ‍ॅट द हब ऑफ थिंग्ज’ (१९८७) या काचतंतूच्या अर्धगोलाकार शिल्पात हा परिणाम पूर्णत्वाने साधलेला आहे. येथून पुढे पोकळी हाच त्यांचा विषय झाला. १९९० च्या व्हेनिस बिएनालेमध्ये ब्रिटनचे प्रतिनिधित्व करताना त्यांनी ‘व्हॉइड फील्ड’ (१९८९) हे मांडणशिल्प प्रदर्शित केले. दालनात वालुकाश्माचे ओबडधोबड, जड ठोकळे ओळींनी ठेवलेले होते व प्रत्येकाच्या माथ्यावर एकेक लहान काळे छिद्र होते. जवळ जाऊन वाकून पाहिल्यावर कळे, की छिद्राच्या आत तळ दिसत नाही. जणू धोंडा अंधाराने भरलेला आहे. दगडाचे वजन व पोकळीचा भारहीनपणा यांचा असा प्रत्यक्ष सामना त्यापूर्वीच्या शिल्पकलेत क्वचितच घडला असेल. या प्रदर्शनाबद्दल त्यांना ‘प्रेमिओ दुएमिला’ हे पारितोषिक मिळाले, तर पुढील वर्षी ब्रिटनचा टर्नर पुरस्कार (१९९१).

‘डिसेंट इंटू लिंबो’ हे शिल्प त्यांनी १९९२ मध्ये जर्मनीतील कासल येथील नवव्या डॉक्युमेंटा प्रदर्शनासाठी उभारले. ही एक साधी घनाकार खोली असून तिच्या जमिनीत मध्यभागी एक काळे वर्तुळ आहे. ते रंगविलेले आहे, की त्या जागी जमिनीवर गालिचा पसरलेला आहे, की खड्डा आहे, हे दारातून आत आलेल्या माणसाला उमगत नाही. भर उन्हातून देवळाच्या गाभाऱ्यात शिरणाऱ्याला काही क्षण जे होते, तेच येथेही होते. फरक एवढाच, की गाभाऱ्यात डोळे सरावल्यावर मूर्ती दिसू लागते आणि येथे मात्र डोळे सरावूनही काही दिसत नाही. हा भ्रम किती खरा आहे, याचा पुरावा २६ वर्षांनी अगदी अनपेक्षितपणे मिळाला. २०१८ मध्ये हे शिल्प पोर्तुगालमधील पोर्तू शहरातील सेराल्व्हेस संग्रहालयात मांडलेले असताना एक प्रेक्षक सु. अडीच मीटर खोल असलेल्या त्या खड्ड्यात पडला व जखमी झाला. सावधगिरीच्या पाट्या व पहारेकरी असूनही हे घडले.

रंगद्रव्याच्या पोकळीकडून कपूर आरशाकडे वळले. वरवर पाहता ही उलट दिशेची वाटचाल वाटते. कारण एक पृष्ठभाग सगळा प्रकाश गिळतो, तर दुसरा सगळा परत करतो. परंतु परिणाम एकाच जातीचा आहे. झिलई केलेल्या अगंज पोलादाच्या अंतर्गोल पृष्ठभागापुढे उभे राहिले असता प्रतिमा उलटी होते, नाभिबिंदूजवळ ती विरघळते आणि पृष्ठभाग नेमका कोठे आहे, हे कळेनासे होते. वस्तू आपली वस्तुता लपविते व जागेला भोक पडल्याचा भास होतो. ‘टर्निंग द वर्ल्ड इनसाइड आउट’ (१९९५) या लहानशा शिल्पात हा प्रयोग आढळतो. आकाशाचे प्रतिबिंब जमिनीवर उतरविणारा ‘स्काय मिरर’ प्रथम नॉटिंगॅम येथे (२००१) व त्याची अधिक मोठी आवृत्ती न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरपुढे (२००६) उभारण्यात आली.

शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील ‘क्लाउड गेट’ ही या प्रयोगांची परिणती होय. या उद्यानातील शिल्पासाठी १९९९ मध्ये ज्या योजनांचा विचार झाला, त्यांत जेफ कून्स या अमेरिकन शिल्पकाराची एका प्रचंड घसरगुंडीची योजना होती. ती मागे पडून कपूर यांची निवड झाली. पाऱ्याच्या थेंबावरून सुचलेला हा आकार सु. २० मी. लांब, १३ मी. रुंद व १० मी. उंच असून त्याचे वजन सु. १०० टन आहे. अगंज पोलादाचे १६८ पत्रे कॅलिफोर्नियात वाकवून शिकागोला आणले गेले आणि जागेवरच वेल्डिंगने एकमेकांस जोडण्यात आले. जुलै २००४ मध्ये उद्यानाचे उद्घाटन झाले तेव्हा काम अपुरे होते. पत्र्यांच्या जोडरेषा स्पष्ट दिसत असतानाही शिल्प लोकांपुढे ठेवणे भाग पडले व कपूर यांना ते मुळीच रुचले नाही. पुढे त्याच्यावर तंबू उभारून एकेक सांधा पाच टप्प्यांत घासून बुजविण्यात आला. मे २००६ मध्ये औपचारिक लोकार्पण झाले, तेव्हा प्रारंभी ६० लक्ष डॉलर धरलेला खर्च २ कोटी ३० लक्ष डॉलरांवर गेला होता. तो खाजगी देणग्यांतून भागविण्यात आला.

या शिल्पाचे सारे रहस्य त्या नाहीशा केलेल्या सांध्यांत आहे. एखादी जोडरेषा जरी दिसली असती, तरी डोळ्याला पृष्ठभागाचा ठाव लागला असता, तो पत्रा आहे हे कळले असते आणि मापही कळले असते. सांधा नसल्यामुळे शिल्प केवढे आहे हे दुरून सांगता येत नाही. दिसते ते शिकागोचे आकाश, गगनचुंबी इमारतींची वाकलेली रांग आणि त्यांच्या पायथ्याशी पाहणारा स्वतः. शिल्पाच्या कमानीखालून जाता येते. तेथे वर पाहिल्यास नाभीसारखी एक खोल घुमटी असून तीत माणसांच्या प्रतिमा ताणल्या जाऊन, गुणित होऊन फिरत राहतात. लोकांनी त्याला लगेच ‘बीन’, म्हणजे घेवड्याचा दाणा, असे नाव देऊन टाकले. कपूर यांना हे नाव प्रारंभी अडाणीपणाचे वाटले. पुढे त्यांनी त्याच्याशी जुळवून घेतले. येणारा प्रत्येक जण हात लावतो, म्हणून खालच्या भागावरील बोटांचे ठसे रोज पुसून काढण्याची व्यवस्था नगराला करावी लागली. संग्रहालयातील कोणत्याही शिल्पाला हात लावू दिला जात नाही आणि या शिल्पाला हात लावल्यावाचून कोणी परतत नाही, हा त्याच्या लोकप्रियतेचा साधा उलगडा आहे. मागे ज्या रंगभुकटीच्या शिल्पांना स्पर्शही सहन होत नव्हता, त्यांच्याच कर्त्याचे हे शिल्प आहे, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच सुमारास त्यांच्या शिल्पांचा आकार वाढत गेला व निर्मितीची पद्धती पालटली. लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातील टर्बाइन हॉल या पूर्वीच्या वीजकेंद्राच्या दालनात त्यांनी २००२ मध्ये ‘मार्सिअस’ उभारले. अपोलो देवाशी वाद्यवादनाची स्पर्धा करून हरलेल्या व त्यापायी जिवंतपणी कातडी सोलली गेलेल्या वनदेवाची ही ग्रीक कथा आहे. पोलादाची तीन अवाढव्य कडी आणि त्यांवर ताणून बसविलेले मांसासारख्या तांबड्या रंगाचे पीव्हीसीचे पटल, अशी या सु. १५५ मी. लांबीच्या शिल्पाची रचना होती. दालनात कोठेही उभे राहिले, तरी ते संपूर्ण दिसत नसे. श्रीलंकेत जन्मलेले स्थापत्य अभियंता सेसिल बालमंड यांचे साहाय्य त्यांना लाभले होते. येथे शिल्पकाराचा हात पृष्ठभागावर कोठेच दिसत नाही. तो अभियंते, संगणक, कारखाने व कारागीर यांच्या मोठ्या ताफ्याचा सूत्रधार असतो. या पद्धतीवर टीका झाली आहे. परंतु ओतकाम करणारा दुसराच असतो हे ब्राँझ शिल्पकारांच्या बाबतीत जर आपण शतकानुशतके मान्य केले आहे, तर येथेच हरकत घेण्याचे कारण नाही. खरा प्रश्न आकाराच्या गरजेचा आहे. ‘मार्सिअस’ला ती लांबी आवश्यक होती. पॅरिसच्या ग्रां पालेमधील ‘लेव्हायथन’ (२०११) या सु. ३५ मी. उंचीच्या, आत शिरता येणाऱ्या फुगीर शिल्पालाही ती आवश्यक होती. लंडन येथील ऑलिंपिक क्रीडासामन्यांसाठी बालमंड यांच्यासह उभारलेल्या, ११४·५ मी. उंच ‘ऑर्बिट’ या मनोऱ्याबद्दल (२०१२) मात्र तसे म्हणता येत नाही. सु. २,००० टन पोलादाची ती वेटोळी पाहून प्रेक्षकाला पोकळी जाणवत नाही, फक्त पोलाद जाणवते. खर्चाचा बहुतेक भार लक्ष्मी मित्तल यांच्या पोलाद कंपनीने उचलला होता व कंपनीचे नाव मनोऱ्याला जोडण्यात आले. २०१६ मध्ये त्याला १७८ मी. लांबीची घसरगुंडी बसविण्यात आली. तिचा आग्रह लंडनच्या महापौरांचा होता. शिकागोत घसरगुंडीला मागे सारून पुढे आलेल्या शिल्पकाराच्या मनोऱ्याला अखेर घसरगुंडी चिकटावी, हा योगायोग गमतीचा खरा.

मेणातील शिल्पे हा कपूर यांच्या कलेचा वेगळा व माझ्या मते सर्वांत समर्थ विभाग आहे. ‘माय रेड होमलँड’ (२००३) या शिल्पात गडद तांबड्या मेणाचा सु. २५ टनांचा वर्तुळाकार थर असून यंत्राने फिरणारा एक पोलादी ठोकळा तो संथपणे अखंड कापीत व लिंपीत राहतो. ‘स्वयंभू’ (२००७) यात मेणाचा एक प्रचंड ठोकळा रुळांवरून अत्यंत मंद गतीने सरकत इमारतीच्या एकामागून एक दारांतून पार होतो. दाराच्या मापापेक्षा तो थोडा मोठा असल्याने प्रत्येक चौकट त्याला खरवडते व त्याला आपला आकार देते. चौकटीवर तांबडा लगदा थापला जातो. शिल्प स्वतःच स्वतःला घडविते, असा शीर्षकाचा अर्थ. शेंदराची पुटे वर्षानुवर्षे चढून मूळ पाषाणाचा आकार हरपलेला स्वयंभू गणपती ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना येथे वेगळा विचार सुचेल. शिल्पकाराच्या मनात तो असो वा नसो. म्यूनिकच्या हाउस डर कुन्स्ट या संग्रहालयात मात्र या ठोकळ्याला निराळाच अर्थ आला. नाझी राजवटीने उभारलेल्या व १९३७ मध्ये खुल्या केलेल्या त्या वास्तूच्या दालनांतून रुळांवरून रक्तवर्णी ओझे सरकताना पाहून छळछावण्यांकडे जाणाऱ्या आगगाड्या अनेकांना आठवल्या. ‘शूटिंग इंटू द कॉर्नर’ या शिल्पात एक तोफ ठराविक अंतराने तांबड्या मेणाचे गोळे समोरच्या पांढऱ्या कोपऱ्यात फेकते आणि भिंतींवर मेणाचा ढीग साचत जातो. ते व्हिएन्ना येथे २००९ मध्ये प्रथम मांडण्यात आले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीने आपली सर्व प्रमुख दालने कपूर यांच्या प्रदर्शनासाठी दिली. हयात ब्रिटिश कलावंताला हा मान प्रथमच मिळत होता.

भारतात मात्र त्यांचे मोठे प्रदर्शन होण्यास २०१० साल उजाडावे लागले. ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात व मुंबईत अशा दोन ठिकाणी विभागून भरविण्यात आले. मुंबईत एवढी जड शिल्पे मावतील असे दालन म्हणून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओची निवड झाली. ज्या स्टुडिओत कधी काळी पडद्यावरील महाल उभे राहिले, तेथे मेणाची तोफ डागली गेली व मुंबईकरांनी ती पाहण्यास गर्दी केली. पुढे २०१४ मध्ये कोची-मुझिरिस बिएनालेमध्ये त्यांनी ‘डिसेंशन’ हे जलशिल्प मांडले. जमिनीतील गोल कुंडात काळसर पाण्याचा भोवरा अखंड फिरत राही व त्याच्या मध्यभागी तळाकडे जाणारे विवर दिसे. पोकळीचा तोच जुना विषय येथे गतीच्या साहाय्याने साधलेला होता.

जी वस्तू मुळी वस्तूच नाही, तिचा मालक कोण, हा प्रश्न या कारकीर्दीच्या उत्तरार्धात वारंवार उद्भवला. शिकागोच्या उद्यानात २००५ च्या सुमारास व्यावसायिक छायाचित्रकारांना परवान्यावाचून शिल्पाची छायाचित्रे घेण्यास अटकाव होऊ लागला. कारण शिल्पाचे स्वामित्वहक्क शिल्पकाराकडे होते. ज्यात दिसते ते सगळे नगराचेच, त्याचे चित्र नगरातील माणसाने घेऊ नये, हे लोकांना पटणे कठीण होते व त्यावर बरीच टीका झाली. चीनमधील शिन्‌जिआंग प्रांतातील कारामाई या तेलनगरीत २०१५ मध्ये तसाच चकचकीत बुडबुडा उभा राहिला, तेव्हा कपूर यांनी तो आपल्या कृतीची उघड चोरी असल्याचे सांगितले. अमेरिकेतील बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या २०१७ मधील प्रचारपटात ‘क्लाउड गेट’चे दृश्य वापरले. कपूर यांनी २०१८ मध्ये न्यायालयात दावा लावला आणि त्याच वर्षी ते दृश्य वगळणे संघटनेस भाग पडले. येथे तोच स्वामित्वहक्क हिंसाचाराच्या प्रचाराविरुद्ध उपयोगी पडला. एकाच कायद्याची ही दोन रूपे एकत्र पाहिली पाहिजेत.

सर्वांत मोठा वाद काळ्या रंगावरून झाला. इंग्लंडमधील एका कंपनीने २०१४ मध्ये ‘व्हॅन्टाब्लॅक’ या नावाचे कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांचे लेपन सिद्ध केले. त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ९९·९ टक्क्यांहून अधिक प्रकाश ते शोषून घेते. त्यामुळे चुरगळलेल्या धातुपत्रावर ते दिले, तरी सुरकुत्या दिसत नाहीत. तीस वर्षे निळ्या भुकटीने जे साधावयाचा प्रयत्न चालला होता, ते या द्रव्याने जवळजवळ पूर्णत्वास जात होते. कपूर यांनी कलेतील त्याच्या वापराचा अनन्य परवाना घेतला व २०१६ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली. एक रंग एकाच कलावंताचा कसा, असा सवाल जगभरच्या चित्रकारांनी केला. स्टुअर्ट सेम्पल या ब्रिटिश कलावंताने अत्यंत भडक गुलाबी रंग तयार करून तो कपूर वगळता सर्वांना विकावयास काढला. कपूर यांनी तो मिळविला आणि त्यात बुडविलेल्या बोटाचे उर्मट छायाचित्र प्रसिद्ध करून उत्तर दिले. या बालिश प्रकरणात मूळ मुद्दा बराचसा हरवला. हे द्रव्य म्हणजे नळीत भरून विकता येण्याजोगा रंग नव्हे. ते तज्ञांकडून प्रयोगशाळेतच द्यावे लागते, असा कपूर यांचा युक्तिवाद होता व तो वस्तुस्थितीला धरून होता. तरीही, ज्याची पहिली ओळख बाजारात कोणालाही मिळणाऱ्या भुकटीने करून दिली, त्याने रंगाचा अनन्य हक्क घ्यावा, हे खटकल्यावाचून राहत नाही. ही शिल्पे पुढे २०२२ मध्ये व्हेनिसच्या अकादेमिया कलावीथीत प्रदर्शित झाली.

व्हर्सायच्या राजोद्यानात २०१५ मध्ये घडलेल्या प्रकारात मालकीचा हाच प्रश्न अधिक दाहक स्वरूपात पुढे आला. तेथील ‘डर्टी कॉर्नर’ या सु. ६० मी. लांबीच्या गंजलेल्या पोलादी कर्ण्यासारख्या शिल्पाचे स्त्रीदेहाशी साम्य दाखविणारा उल्लेख वृत्तपत्रांत येताच संताप उसळला. प्रथम त्याच्यावर रंग फेकण्यात आला. तो पुसून काढला गेला. सप्टेंबरमध्ये मात्र ज्यूद्वेषी घोषणा रंगविण्यात आल्या. त्या पुसू नयेत, द्वेषाची ही खूण आता शिल्पाचाच भाग झाली आहे, अशी भूमिका कपूर यांनी घेतली. एका स्थानिक लोकप्रतिनिधीच्या तक्रारीवरून न्यायालयाने घोषणा झाकण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यांनी त्यांवर सोन्याचा वर्ख चढविला. त्याच महिन्यात चिनी कलावंत आय वेवे यांच्यासमवेत त्यांनी निर्वासितांच्या पाठिंब्यासाठी लंडनमध्ये पदयात्रा काढली होती. जेनेसिस पारितोषिकाची (२०१७) दहा लक्ष डॉलरांची रक्कमही त्यांनी निर्वासितांच्या साहाय्यार्थ देण्याचे जाहीर केले.

त्यांना लाभलेल्या इतर सन्मानांत जपानचे प्रेमिअम इंपेरिआले (२०११), भारत सरकारचा पद्मभूषण (२०१२) आणि ब्रिटनचा ‘सर’ हा किताब (२०१३) यांचा अंतर्भाव होतो. जपानी वास्तुशिल्पज्ञ आराता इसोझाकी यांच्यासह त्यांनी त्सुनामीग्रस्त प्रदेशासाठी ‘आर्क नोव्हा’ हे हवेने फुगविता येणारे फिरते संगीतगृह तयार केले (२०१३). न्यूयॉर्कमधील एका उत्तुंग निवासी इमारतीच्या पायथ्याशी दडपल्यासारखा दिसणारा ‘क्लाउड गेट’चा लहान भाऊ २०२३ मध्ये पूर्ण झाला. इटलीतील नेपल्स शहराच्या भुयारी रेल्वेवरील मोंते सांत’आंजेलो स्थानकाचे काम त्यांच्याकडे २००३ मध्ये सोपविण्यात आले होते. अनेक वर्षे रखडलेले हे स्थानक सप्टेंबर २०२५ मध्ये खुले झाले. त्याचे एक प्रवेशद्वार गंजलेल्या पोलादाचे, जमिनीतून फुगून वर आल्यासारखे आहे. त्याच्या मुखातून प्रवासी खाली काळोखाकडे उतरतात व गाडी पकडतात.